आत्ता भिजवू की मिरगापर्यंत थांबू? (भुसावळच्या उन्हात किलीफिशची अंडी)

तापीकाठचा | २६ एप्रिल, रात्री ११:०५

प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ.

मी भुसावळला राहतो. घरात माशांच्या सहा टाक्या, चार माठ आणि त्यावरून रोज खावी लागणारी बोलणी. सध्या पिण्याच्या माठाच्या तिवईखाली एका स्टीलच्या डब्यात ओलसर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन पाकिटं आहेत. त्यात नोथोब्रँकियस गुंथेरीची अंडी आहेत. काल घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून चिमूटभर कोकोपीट ताटलीत पसरलं. वीसेक अंडी सापडली. मोहरीहून लहान, काचेसारखी. बहुतेकांत दोन काळे डोळे आणि भोवती बारीक सोनेरी कडं. एका अंड्यातला डोळा चक्क हलला. म्हणजे आत पिल्लू पूर्ण तयार आहे, फक्त पाण्याची वाट बघतंय. आणि बाहेर पारा ४५.

ज्यांना हा मासा माहीत नाही त्यांच्यासाठी: किलीफिश म्हणजे मारणारा मासा नव्हे. डच भाषेत 'किल' म्हणजे ओहोळ, त्यावरून नाव पडलं. बाराशेच्या वर जाती आहेत आणि बऱ्याचशा वर्षभर वाहत्या-साचत्या पाण्यातच राहतात. पण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही जाती पावसाळी डबक्यांत जगतात. डबकं आटलं की मोठे मासे सगळे मरतात, अंडी तेवढी चिखलात राहतात. पुढच्या पावसात ती फुटतात आणि पिल्लं काही आठवड्यांत वयात येतात. गुंथेरी झांजिबार बेटावरचा. नर दोन इंचाचा, अंगावर निळसर-हिरव्या खवल्यांना लाल किनार, शेपटी लालभडक आणि तिला काळा काठ. मादी मात्र एकदम साधी, करड्या रंगाची.

नोव्हेंबरात पुण्याच्या एका हौशी माणसाकडून एक नर, दोन माद्या आणल्या. रेल्वेनं, मांडीवर डबा घेऊन. वीस लिटरच्या टाकीत श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला रुपयाएवढं भोक, आत दोन बोटं कोकोपीट. नर त्या भोकातून मादीला आत नेतो, तिच्या पाठीवर आपला पंख टाकतो, दोघं थरथरतात आणि एक अंडं कोकोपीटमध्ये जातं. एका वेळी एकच. मग पुन्हा. हे बघत मी दोन वेळा गाडी चुकवली आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डबा काढला, कोकोपीट गाळून पिळलं, वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवलं आणि पाकिटात भरलं. पुस्तकी हिशोबाने बारा आठवडे लागायला हवे होते. आपल्याकडच्या उकाड्यात सातव्या आठवड्यालाच डोळे आले.

तर प्रश्न: आत्ता भिजवू, की मिरगाचा पाऊस येईपर्यंत थांबू?

---

केळीबाग | २७ एप्रिल, सकाळी ६:५०

थांबा भाऊ. या उन्हात आमच्या बागेतली केळीची पानं दुपारी बारालाच माना टाकतात, तुमची सुईच्या टोकाएवढी पिल्लं कुठे टिकणार.

---

गिरणाई | २७ एप्रिल, सकाळी ९:२०

केळीबागदादांशी अर्धीच सहमत. मी चाळीसगावला गेली अकरा वर्षं किली ठेवते, तीन वेळा हाच घोळ घातलाय.

डोळे आलेलं अंडं म्हणजे बॅटरीवर चालू ठेवलेला फोन. पिल्लू आत झोपलेलं असलं तरी पिवळा बलक हळूहळू संपत असतो, आणि उष्णता जास्त तर तो लवकर संपतो. सहा-सात आठवडे थांबलात तर काही पिल्लं अंड्यातच जातील. काही फुटतील पण अशक्त निघतील, पोट तळाला घासत सरकतील, वर पोहता येणार नाही. त्यांना बेली स्लाइडर म्हणतात. ती जगत नाहीत. तुमची दोन पाकिटं आहेत ना? एक आत्ता भिजवा, एक राखा.

भिजवताना:

पाणी उथळ हवं, तीन बोटांपेक्षा जास्त नको. पिल्लाला पहिल्या काही तासांत पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावी लागते, खोल पाण्यात ते जमत नाही.

पाणी गार हवं, २० अंशांच्या आसपास. फ्रिजमधली बाटली थोडी थोडी मिसळत जा, थर्मामीटर लावून. गार पाणी म्हणजे अंड्याच्या लेखी पाऊस. दोन-तीन तासांत फुटायला लागतील. अडून बसली तर सुक्या खाद्याची चिमूट टाका, जिवाणू वाढून पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तो इशारा पुरतो. एकदा मी अडलेली अंडी औषधाच्या छोट्या बाटलीत घालून दिवसभर कमरेला खोचून फिरले होते. संध्याकाळी बाटलीत नऊ पिल्लं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी. नोथोची पिल्लं ताजा फुटलेला आर्टेमिया लगेच गिळू शकतात. संध्याकाळी पोट नारिंगी दिसलं की समजायचं, जेवली.

आणि भिजवलेलं कोकोपीट फेकू नका. पिल्लं काढून घेतली की पुन्हा वाळवून ठेवा. का ते कळेल तुम्हालाच.

---

नवखा_धुळे | २७ एप्रिल, दुपारी १:१५

काका, आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की गिझरच्या कॉइलवर दगड बसतो. यात किली जगतील का? आणि ओलसर कोकोपीट म्हणजे नेमकं किती ओलं, वाफसा आल्यासारखं?

---

तापीकाठचा | २७ एप्रिल, रात्री १०:३०

गिरणाई ताई, पटलं. उद्या पहिलं पाकीट भिजवतो.

नवख्या, वाफसा शब्द तूच वापरलास आणि उत्तरही त्यातच आहे. पेरणीला जमीन जशी लागते तसंच. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, आणि बोटाने टोचलं की गोळा फुटावा. पाकिटाच्या आतून थेंब दिसले तर जास्त ओलं झालं, उघडून तासभर ठेव. विलायती लेखांत पाइपच्या तंबाखूएवढं ओलं असं लिहिलेलं असतं. आपण तो पाइप कुठे बघितलाय?

कोकोपीट आधी तीन-चार वेळा उकळ, पाणी फेक. त्यात मीठ असतं आणि लाल रंग सुटतो.

जड पाणी गुंथेरीला चालतं, उलट बरं. त्यांना मखमल नावाचा रोग फार लागतो. अंगावर हळद उडवल्यासारखी सोनेरी भुकटी दिसते, मासा दगडाला अंग घासतो, आणि बघता बघता टाकी रिकामी. थोडं खारट पाणी असलं की तो कमी येतो. मी दहा लिटरला एक चमचा जाडं मीठ घालतो. याउलट गॅबॉनचा अफायोसेमियन ऑस्ट्राले मऊ पाण्यातला, त्याला निम्मं आरओचं पाणी मिसळावं लागतं. आणि तो २४ अंशांच्या वर कुरकुरतो. भुसावळला त्याच्या वाटेला जाऊ नको. सुरुवात करायची तर नायजेरियाकडचा गार्डनेरी घे. लोकरीच्या गोंड्यात अंडी घालतो, दोन-तीन आठवड्यांत फुटतात, वाळवायची भानगड नाही.

---

कडू_कारलं | २८ एप्रिल, सकाळी ८:०५

राग मानू नका, पण सहा-आठ महिन्यांत मरणारा मासा पाळण्यात काय हशील? लळा लागायच्या आत जातो.

---

गिरणाई | २८ एप्रिल, सकाळी ११:४०

कारलं भाऊ, कोंबडीचं पिल्लूही तुम्ही आठ महिन्यांच्या वर ठेवत नाही, तिथे लळ्याची आठवण होत नाही :)

गंमत सोडा. याच कारणासाठी प्रयोगशाळावाले या माशाच्या मागे लागलेत. झिम्बाब्वे-मोझांबिकच्या डबक्यांतला टरक्वॉइज किलीफिश रानात चौदा दिवसांत वयात येऊ शकतो, आणि काही महिन्यांत म्हातारा होतो. रंग उडतो, पाठीला बाक येतो, हालचाल मंदावते. उंदराचं म्हातारपण बघायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, इथे एका हंगामात काम होतं. २०१५ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. पाणी तीन-चार अंशांनी थंड ठेवलं तर तो जास्त जगतो, हेही प्रयोगांत दिसलंय. तेव्हा आपल्याकडे मासे लवकर का जातात याचं उत्तर तुमच्या गच्चीवरच आहे.

---

भरीत_पार्टी | २८ एप्रिल, दुपारी ३:३०

भो, आमनाकडे माणसंबी तिवईखालेच बठेल शेतस. पाणी पडनं का सांगज्या.

---

तापीकाठचा | ४ मे, रात्री ११:५०

पहिल्या पाकिटाचा हिशोब. रविवारी सकाळी सहाला भिजवलं. पाणी २१ अंश. आठपर्यंत काही नाही. सव्वाआठला चहा घेऊन परत आलो तर पांढऱ्या बशीच्या कडेला पापणीच्या केसाएवढं काहीतरी सरकन गेलं. मग दुसरं. नऊपर्यंत एकोणीस.

बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "डोळेच आहेत नुसते, बाकी कुठेय?"

मंगळवारी दुपारी वीज गेली ती साडेतीन तास. कूलर बंद, एअर पंप बंद. पिल्लांच्या टबातलं पाणी ३४ वर गेलं. संध्याकाळी सात उरली, आज चार आहेत. गेल्यांपैकी पाच-सहा तशीही तळाला सरकणारीच होती, पण बाकीची धडधाकट होती. त्यांचा जीव उन्हाने घेतला. चूक माझी. टब गच्चीच्या भिंतीला लागून ठेवला होता, ती भिंत रात्री बारालाही तापलेली असते.

दुसरं पाकीट तिवईखालीच आहे. माठाच्या खाली वाळू ओली ठेवतो, तिथे डब्यात २८ च्या वर जात नाही. पिल्लंही आता माठात हलवली.

---

माठातला_मासा | ५ मे, सकाळी ७:१०

माठाबद्दल आमचा अनुभव (नंदुरबार): मोठ्या तोंडाचा जुना माठ, बाहेरून गोणपाट गुंडाळा, दिवसातून तीनदा भिजवा. इथली हवा मे महिन्यात कोरडी ठाक असते म्हणून हे चालतं, खोलीत ३८ असताना माठात २९ मिळतात. जुलैत दमट हवेत माठ गार करत नाही, तेव्हा गरजही नसते. एक सांभाळा: माठातून पाणी झिरपून बाहेर उडतं, बाहेर पांढरी खपली धरते, आणि वरून तुम्ही बोअरचंच पाणी भरत राहता. महिन्याभरात आतलं पाणी अजून जड होतं. आठवड्याला निम्मं बदला.

आणि झाकण! बहुतेक जातींचे किली उडी मारतात. माझा एक नर दोन बोटांच्या फटीतून गेला, सकाळी चपलेत सापडला.

मला स्वतःला माठात आपला देशी किली पँचॅक्स आवडतो, अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. दुकानात गोल्डन वंडर म्हणून मिळतो तो त्याचाच पिवळा प्रकार. मूळचा आपल्या दक्षिणेतल्या आणि कोकणातल्या ओहोळांचा. हा वर्षायू नाही, तीन-चार वर्षं सहज जगतो, उकाडा सोसतो. डोक्यावर एक चांदीची टिकली असते. माठात मासा बाजूने दिसत नाही, वरूनच बघावं लागतं, आणि याची टिकली नेमकी वरून चमकते. अंधाऱ्या माठात चार टिकल्या फिरताना दिसतात तेव्हा आमची नात म्हणते, आजोबा, पाण्यात काजवे.

डासांच्या अळ्या तर असा फस्त करतो की आता अळ्यांसाठी शेजाऱ्यांचं पिंप शोधावं लागतं.

---

नवखा_धुळे | ५ मे, सकाळी १०:००

आजोबा, मग हिवताप विभागवाले हौदात गप्पी सोडतात त्याऐवजी हेच का नाही सोडत?

---

माठातला_मासा | ५ मे, दुपारी १२:२५

गप्पी पिल्लं घालते, वाढायला काही लागत नाही, म्हणून सोपी. पण गप्पी आणि गंबुशिया (तोही डासांसाठी सोडतात तो मासा) दोन्ही परदेशी. गंबुशिया १९२८ पासून आपल्याकडे आहे, आणि जिथे जाते तिथे देशी माशांची अंडी-पिल्लं खाते. घरच्या हौदात ठीक. नदी-नाल्यात काहीही सोडू नकोस, पँचॅक्ससुद्धा नाही, तो मूळचा दक्षिणेतला आणि कोकणातला. आणि पँचॅक्सबरोबर छोटे मासे ठेवू नकोस. तोंड वर, पोट मोठं.

---

केळीबाग | ६ मे, सायंकाळी ७:४५

एक शंका. गेल्या वर्षी नवं शेततळं खोदलं, प्लास्टिक अंथरलं, पहिल्या पावसानंतर दोन महिन्यांत त्यात बोटभर मासे. मी तर एकही सोडला नाही. हे तुमच्या किलीसारखंच तर नाही? मातीत अंडी होती?

---

गिरणाई | ६ मे, रात्री ९:३०

दादा, भारतात अंडी सुकवून ठेवणारे किली नाहीत. तुमच्याकडे पाटाच्या पाण्यातून किंवा ओसंडणाऱ्या नाल्यातून आले असतील, पहिल्या पुरात मासे उलट्या धारेला चढतात. बगळ्यांवरही संशय घ्यायला हरकत नाही. २०१९ साली ब्राझीलमध्ये एका जातीच्या हंसांना वर्षायू किलीची साडेसहाशे अंडी खाऊ घालून पाहिली. विष्ठेतून पाच जिवंत निघाली. एक टक्कासुद्धा नाही, पण पक्षी दिवसाला किती खातो याचा विचार करा.

केळीबाग म्हणालात म्हणून: केळीची वाळलेली साल टाकीच्या जुन्या पाण्यात बरणीत तीन-चार दिवस ठेवा, पाणी आधी गढूळ मग निवळ होतं, त्यात सूक्ष्मजीव असतात. आर्टेमिया गिळू न शकणाऱ्या बारीक पिल्लांना तेच लागतं. तुमच्याकडे साल फुकट.

---

तापीकाठचा | ११ जून, रात्री १०:१५

धागा वर काढतोय.

नऊ तारखेला मिरगाचा पहिला पाऊस झाला. तास-दीड तास, गच्चीची नळी वाहिली. गच्चीवरचं पाणी एका बादलीत धरलं, गाळलं, २३ अंश भरलं, बर्फाची गरजच नाही. दुसरं पाकीट त्यात ओतलं.

एकतीस पिल्लं. तळाला सरकणारी फक्त तीन. बाकीची दुपारपर्यंत आर्टेमियाच्या मागे.

पहिल्या पाकिटातली चार पिल्लं आता वयात आलीत, दोन नर, दोन माद्या. जेमतेम सहा आठवडे झालेत आणि एका नराच्या शेपटीचा काळा काठ पूर्ण भरला.

कोकोपीट वाळवून ठेवलंय, ताईंच्या सांगण्यावरून. भिंगाखाली त्यात अजून अंडी दिसतात, काहींत डोळे नाहीत, नुसता स्वच्छ थेंब. फुकट गेली असं वाटलं होतं.

---

तापीकाठचा | ६ जुलै, रात्री ११:२०

आमचे आप्पा चोपडा तालुक्यात कापूस करतात. या वर्षी शेजारच्या दोघांनी मिरगाआधी धूळपेरणी केली. नऊ तारखेच्या पावसाने बी उगवलं, मग अठरा दिवस थेंब नाही. सगळं करपलं. दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी. आप्पा थांबले होते म्हणून वाचले, तेही यंदा. मागच्या वर्षी थांबून फसले होते.

काल आप्पा डॉक्टरकडे दाखवायला भुसावळला आले होते. मी वाळवलेलं दुसरं पाकीट त्यांच्यासमोर पुन्हा भिजवलं. त्यांना वाटलं मी चहाचा चोथा भिजवतोय. तासाभरात बारा पिल्लं. जूनमध्ये एकतीस निघाली त्याच चोथ्यातून.

मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो, कारण ताई म्हणाल्या होत्या का ते कळेल तुम्हालाच. एकाच आईची, एकाच दिवशी घातलेली अंडी एकाच वेळी तयार होत नाहीत. वाटेत तीन थांबे असतात. काही अंडी अगदी सुरुवातीला थांबतात, काही अर्ध्यावर, काही डोळे येऊन फुटायच्या उंबऱ्यावर. कोणतं अंडं कुठे किती थांबेल याचा नेम नाही. आफ्रिकेतही पहिला पाऊस फसवा असतो, डबकं भरतं आणि आठवड्यात आटतं. तेव्हा फुटलेली पिल्लं मरतात, पण जी थांबलेली असतात ती पुढच्या पावसाला उरतात.

आप्पांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. डोळे नसलेल्या अंड्यांकडे बोट करून म्हणाले, "ही उगवली नाहीत?"

म्हटलं, अजून नाही.

म्हणाले, "ह्या माशाने सगळं बी एका पावसावर नाही टाकलं." मग भिंग खाली ठेवून, "आमाले बँक देते का पण, अर्धं बी घरात ठिवाले?"

यावर मला काही सुचलं नाही. चहा टाकला.

---

कडू_कारलं | ७ जुलै, सकाळी ७:३०

आप्पांना नमस्कार सांगा.

आणि एक जोडी मिळेल का?

---

तापीकाठचा | ७ जुलै, सकाळी ८:५५

जोडी नाही, कारलं भाऊ, अंडी देतो. तिवईखाली डबा ठेवा, आठ आठवडे. पाकिटावर मी चार गोष्टी लिहून देईन: जातीचं नाव, मूळ ठिकाण, अंडी काढली ती तारीख आणि भिजवायचा अंदाज. ती चिठ्ठी काढू नका. दुसऱ्या ठिकाणच्या गुंथेरीशी जोडी लावू नका, ठिकाणाप्रमाणे रंग वेगळे असतात, एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत. परदेशातून मात्र कोणाकडूनही पाकीट परस्पर मागवू नका, आयातीला परवाना लागतो.

नवख्या, तुलाही एक पाकीट. धुळ्याला कोणी येणार असेल तर कळव, कुरियरवाला दुपारभर गाडी उन्हात उभी करतो.

---

नवखा_धुळे | ७ जुलै, सकाळी ९:०२

मामा बुधवारी पॅसेंजरने येतोय. त्याला सांगतो, मांडीवर धर.

---

भरीत_पार्टी | ७ जुलै, सकाळी ९:४०

पाणी पडनं वाटतं. उठू का?